परड्यातली माती

“हलू नको! हललंस तर गेलंस!”

मांडीपर्यंत चिखलात रुतलेल्या माणसाला हे सांगून काय उपयोग? मी हललो आणि कमरेपर्यंत गेलो. एक हात वर, त्या हातात पिशवी, पिशवीत सकाळपासून वेचलेली खापरं. शेवऱ्याच्या खाडीला ओहोटी होती. नजर पोचेल तिथवर नुसता काळा गाळ चमकत होता.

“पिशवी टाक आणि आडवो पड.”

“पिशवी नाही टाकणार.”

“मगे मर,” असं म्हणून ती बाई खरोखर चार पावलं निघून गेली. मग परत आली आणि हातातली फळी माझ्यापुढे टाकून म्हणाली, “अंथरुणार पडतंस तसो पड. चिखल उभ्या माणसाक गिळता, आडव्याक नाय.”

मी आडवा झालो. तिने बखोटीला धरून मला फळीवर ओढलं. पिशवी मी सोडली नाही. काठावर आल्यावर तिने तिच्यात डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“ह्या फुटक्या मडक्यांसाठी मरत होतंस?”

ही सगुणाकाकी मयेकर. वय अठ्ठेचाळीस, अंग काटकुळं, नवरा वारून सहा वर्षं झालेली. रोज ओहोटीला खाडीत उतरून तिसरे, म्हणजे शिंपले, काढायचे आणि बाजारात विकायचे, हा तिचा धंदा. मी दिगंबर माळवदे, करमाळ्याकडचा. अठ्ठावीस वर्षं मी विहिरीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, आणि आमच्या संस्थेने मला पाठवलं ते थेट खाडीत. काम असं होतं: खाडीच्या तोंडापासून आत अकरा मैल दोन्ही काठ ओहोटीला चालून काढायचे, खापर, वीट, घडीव दगड, काय दिसेल ते नकाशावर नोंदवायचं. दोन हजार वर्षांपूर्वी या भागात कुठेतरी बंदर असावं, असा गुर्जर सरांचा तर्क होता. सर आमचे प्रमुख. निघताना त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, “माळवदे, या हंगामात ठोस काहीतरी दाखवा. तरच कायम जागेसाठी तुमचं नाव पुढे करता येईल.” चार वर्षं मी तात्पुरता होतो. घरी वडील प्रत्येक पत्रात विचारत, पक्का झालास का?

त्या दिवसापासून मी काकीच्या मागून चालायला लागलो. तिने मला चिखल वाचायला शिकवला. खेकड्यांची बिळं दिसली तर पाय ठेव, तिवराची मुळं दिसली तर बिनधास्त ठेव, आणि आरशासारखं चकाकतंय तिथे देव जरी हाक मारत असला तरी जाऊ नको. हे मी वहीत उतरवून घेतलं. पुढे तीस वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना तेच शिकवत आलो. कुठल्याही पुस्तकात ते नाही.

“काय रे खापरांच्या मास्तरा,” ती रोज सकाळी हाक मारायची, “आज खयच्या गटारात बुडूचा आसा?”

तिसऱ्या आठवड्यात सापडलं. तिवरांच्या दाटीत एक लांबट उंचवटा होता, पन्नासेक पावलांचा. खाडीच्या अंगाला जांभ्या चिऱ्यांची सरळ ओळ. आणि वर खापरंच खापरं. साधीसुधी नव्हेत. दोन कानांच्या उभट रांजणांचे गळे आणि कान, समुद्रापलीकडून दारू भरून यायचे ते रांजण. त्या काळी असा एक तुकडा सापडला तरी माणूस वर्षभर मिरवायचा, इथे मी तासाभरात एकेचाळीस मोजले. दोन हात खोल खड्डा घेतला, तर खालीही तेच. नाचलो मी, खोटं कशाला सांगू!

“काकी, इथे जहाजं लागत होती! दोन हजार वर्षांमागे, रोमहून!”

“हयसर?”

“इथेच! हे चिरे दिसतात ना? हा धक्का आहे धक्का!”

काकी चिऱ्यांकडे बघत राहिली. एरवी तिने माझ्या नाचण्यावरून आठवडाभर माझी टर उडवली असती. त्या दिवशी तिची टोपली अर्धीसुद्धा भरली नव्हती, तरी ती लवकर घरी गेली. मला वाटलं, उन्हाने असेल.

मी सरांना पत्र टाकलं. उलट टपाली उत्तर आलं: शनिवारी येतो, धक्का पाहतो, तुमच्या जागेचे कागद सोबत आणतो.

गुरुवारी दुपारी काकी शाळेच्या खोलीवर आली. मी तिथेच उतरलो होतो. दारातच बसली.

“सायेब परवा येतत?”

“हो.”

“तेंनी धक्को बघल्यानी की तुझी नोकरी पक्की?”

“पक्की.”

“आणि धक्को नसलो तर?”

“तर काकी, मी करमाळ्याला जाऊन ज्वारीवरची पाखरं हाकणार.” मी हसलो.

ती हसली नाही. उठली. “चल. खोरा घे.”

उंचवट्यावर पोचल्यावर तिने माझ्या खड्ड्याकडे बोट केलं. “तू दोन हात खणलंस. आणि खाली खण.”

“खाली पाणी लागतं.”

“आज मोठी ओहोटी आसा. खण. मी सांगतंय तुका काय गावतला ता. कमरेएवढा गेलंस की ह्यो खापऱ्यो संपतल्यो. मगे लाल माती. मगे काळी, शेणाची नि पाल्याची. आणि सगळ्यात खाली हिरवी बांगडी.”

“तुम्हाला काय स्वप्न पडलं?”

“खण रे.”

खणलं. कमरेइतकं गेलो आणि खापरं खरंच संपली. मग लाल माती आली. माझ्या हाताची गती मंदावली. मग काळी माती लागली, तिच्यात कौलाचा तुकडा, नारळाची करवंटी. काकी लुगडं खोचून स्वतः खड्ड्यात उतरली. तिसरे चाचपते तशी तिची बोटं गाळात फिरली, बराच वेळ फिरली. मग तिने मूठ पाण्यात हलवली आणि उघडली. तळहातावर हिरव्या काचेच्या बांगडीचे तीन तुकडे होते.

“माझी,” ती म्हणाली.

मी मातीच्या ढिगावर मट्‌कन बसलो. आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात ते एवढंच: जमिनीत नवं वर असतं, जुनं खाली. इथे दोन हजार वर्षांपूर्वीचं वर होतं आणि काकीची बांगडी तळाला. सगळंच उलटं.

“उलटाच असताला,” ती म्हणाली. “घरामागल्या परड्यातली वरची माती आदी खणलंव, ती हयसर तळाक गेली. खालची मागाहून खणलंव, ती वर इली. ह्या काय कठीण आसा?”

मला हे कळायला विद्यापीठाची दोन वर्षं लागली होती. ही बाई शाळेची पायरीसुद्धा चढली नव्हती.

“मग हा धक्का नाही?”

“बांध आसा. खारो बांध, भातशेतीत खाडयेचा पाणी येऊ नये म्हणून. सरकारान वर नवो बांध घातल्यानी तेवा हो सोडलो, त्याच्यार तिवरां वाढली. चिरे आमच्या गोठ्याचे.”

आता मला संताप आला. “आणि इतके दिवस गप्प बसलात? माझी गंमत बघत?”

“तू खापऱ्यो वेची होतंस, वेची होतंस. माका काय! धक्को म्हणालंस तेवा कळला तू काय समाजतंस ता.” तिने बांगडीचे तुकडे पदराने पुसले. “आणि ह्या बांधाचा नाव गावात कोण काढणा नाय. माझ्या तोंडार तर नायच.”

मग तिने सांगितलं.

बांधाला पाणी सोडायची लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. पावसाळ्यात ओहोटीला ती उघडायची, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत जातं, आणि भरती चढायच्या आत बंद करायची. घरटी पाळी असायची. बत्तीस वर्षांमागे श्रावणातल्या उधाणाच्या दिवशी पाळी मयेकरांची होती. काकीचा नवरा बाबल उघाडीवर बसला होता. काकी सोळा वर्षांची, लग्नाला तीन महिने झालेले.

“सासू म्हायेराक गेलेली. घरात मी एकटी. पयल्यांदाच तांदळाचे घावणे नीट जमले, जाळीदार. म्हटलं गरम गरम खावंदेत. जावन हाक मारलंय तेका. तो म्हणालो, भरती येतली गो. म्हटलं, येतली तेवा येतली, घावणो थंड होतलो. इलो बापडो. एक खाल्ल्यान, उठाक लागलो. म्हटलं, एक आणि खा. मगे म्हटलं, आणखी एक.” काकीने हाताची बोटं पसरली. “पाच खाल्ल्यान. माका बरा वाटाचा म्हणान खाल्ल्यान रे. परत जावन बघता तर उघाडी व्हावन गेलेली नि बांध फुटलेलो.”

चाळीस एकर भात खारं झालं. तीन पावसाळे त्या जमिनीत दाणा पिकला नाही. देवळात गाव बसला. बाबलने उभं राहून सांगितलं, माका झोप लागली. घावण्याचं नावही काढलं नाही. गावचा नेम असा, की ज्याच्या पाळीत बांध फुटला त्याच्या परड्यातली माती बांधाला. गावचे मानकरी दाजी गावकरांनी तो दंड सांगितला. नवराबायकोने दोन महिने टोपल्या वाहिल्या. पहिल्या टोपलीबरोबर घरच्या सवाष्णीने हातातली बांगडी घालायची, तोही नेमच. ती पहिली टोपली पडली होती ती माझ्याच खड्ड्याच्या जागी.

“मरासर तेका गाव ‘निजलो बाबल’ म्हणा. पोरां चिडवीत. तो हसा. आणि परड्यात तो खड्डो अजून आसा. मी भरूक देवक नाय कोणाक.”

“काकी, तुम्ही गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. मलासुद्धा नाही.”

“माका कळला असता मरे! एक खोटा मी बत्तीस वर्सां संभाळलंय. दुसऱ्याक घरात जागा नाय.” ती उठली आणि तुकडे माझ्या हातावर ठेवले. “आता तुझा तू बघ. खड्डो बुजव नायतर ठेव. मी कोणाक सांगूचंय नाय.”

आता माझंही सांगून टाकतो. शुक्रवारी सकाळी मी तिथे गेलो तो खड्डा बुजवायला. पाच खोरी माती टाकलीसुद्धा. काय बिघडतं, मनात म्हणत होतो, वरचे दोन हात दाखवू, सर कुठे खोल खणायला लावणार आहेत? वडिलांना पत्र कसं लिहायचं तेही ठरवलं होतं. सहावं खोरं उचललं आणि त्या पाच घावण्यांची आठवण झाली. लाज वाटली. खोरं टाकून दिलं आणि तडक काकीच्या घरी गेलो.

“परडं दाखवा.”

डोंगराच्या उतारावर घर, मागे परडं, आणि परड्याच्या मधोमध घर मावेल एवढा खड्डा. कोंबड्या फिरत होत्या. मी आत उतरलो, एका बाजूच्या भिंतीवरचा पाला हाताने खरवडला आणि नाकाला माती लागेल इतका जवळ गेलो. थर जसेच्या तसे, सुलटे. वर काळी माती, मग लाल, मग चोपून केलेली जमीन, तिच्यावर दोन कानांचे रांजण. कोपऱ्यात भाजलेल्या मातीची गोल कडी एकावर एक रचलेली विहीर.

“ती कडी?” काकी वरून म्हणाली. “ती खणताना गावली. बाबल म्हणालो, कोणाची तरी विहीर आसा, मोडू नको.”

बंदराची वस्ती इथे होती! खाडीच्या चिखलात नव्हे, वर कोरड्या उतारावर, आणि नुकतं लग्न झालेली दोन माणसं तिची विहीर न मोडता दोन महिने खणत होती. मला ओरडावंसं वाटलं. पण लगेच ध्यानात आलं, की हे सांगायचं तर माती इथून तिथे का गेली तेही सांगावं लागेल. बाबलचं नाव पुन्हा गावभर होईल.

“मी लिहीन, जवळपासची माती,” मी म्हणालो. “घर कुणाचं ते लिहीत नाही.”

“उद्या बघया,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळी ओहोटीला सर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात छत्री. मागे निम्मा गाव, पुढे ऐंशीला टेकलेले दाजी गावकर काठी टेकत. काकी टोपली घेऊन जरा लांब उभी होती.

मी सरांना खड्डा दाखवला. वर जुनं, खाली नवं. बांगडीचे तुकडे हातावर ठेवले.

सरांनी ते बराच वेळ उलटेपालटे केले. “माळवदे, तुम्ही मला धक्का बघायला बोलावलंत.”

“हो सर. चुकलो. हा बांध आहे. तीसेक वर्षांचा.”

“हं. आणि माती कुठली?”

मी खोऱ्याचा चिखल पुसू लागलो.

“अहो, माती कुठली? एवढे रांजण ज्या मातीत आहेत ती कुठून तरी आली असेल ना!”

“ते... सांगता येत नाही, सर.”

“तुम्ही संशोधक आहात की आरोपी?” सर म्हणाले. मागे दोघं-तिघं हसले. कुणीतरी हळूच म्हणालं, “निजल्या बाबलाची माती ती!” आणि हसणं वाढलं.

काकीने टोपली खाली ठेवली. चिखलातून सरळ चालत आली आणि सरांपुढे उभी राहिली, पण बोलली ती दाजींकडे बघून.

“दाजीनू, माती माझ्या परड्यातली. ती ह्या सायबाक सांगतंय. आणि तुमका सांगतंय ता बत्तीस वर्सांमागे सांगूचा होता. बाबलाक झोप लागाक नव्हती. मी तेका घावणे खावक घरी बोलावलंय. तो उठा होतो, मी उठाक देवक नाय. चूक माझी. ती तेणा आपल्या नावार घेतल्यान माझ्यासाठी, आणि मी घेवक दिलंय. आता तेका निजलो म्हणू नकात.”

गाळातून बुडबुडे फुटण्याचा आवाज येत होता. दाजींनी तिच्याकडे पाहिलं, काठी वळवली आणि गावाकडे चालू लागले. मला त्यांचा असा राग आला म्हणता! काकीचा चेहरा मात्र हलका दिसत होता.

सरांनी छत्री मिटली. “बाई,” ते अगदी हळू म्हणाले, “तुमचं परडं बघू द्याल?”

खड्ड्यात उतरल्यावर सर तासभर वर आलेच नाहीत. संध्याकाळी निघताना मला म्हणाले, “धक्का नाही, तेव्हा यंदाचे कागद मी परत नेतोय. परडं बाईंनी दाखवलं, तुम्ही शोधलं नाही. हे कबूल?”

“कबूल, सर.”

पक्का व्हायला मला आणखी चार वर्षं लागली. हे कळवल्यावर वडिलांनी महिनाभर पत्र लिहिलं नाही. वाईट वाटलं मला, नाही कशाला म्हणू? पण त्या दोन दिवसांत मी जे माणूस पाहिलं, त्यापुढे ते वाईट वाटणं टिकलं नाही. पुढे मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली, परदेशातलीही. मिळत आलेलं नाव चूक कळताच सोडून देणारी त्यांत फारशी नव्हती. ही बाई तर, कुणी विचारलंही नसताना, नवऱ्याच्या नावावरचं ओझं उचलून आपल्या डोक्यावर घेऊन मोकळी झाली.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही काकीच्या परवानगीने त्या परड्याचं रीतसर उत्खनन केलं. दोन महिने काम चाललं. काकी रोज काठावर बसून आमच्या चुका काढायची. काम संपलं की खड्डा बुजवून द्यायचा, हा आमचा नेम. पण बुजवायला माती कुठे होती? निम्मी तर बत्तीस वर्षांमागेच खाडीत गेलेली. बाहेरून गाडीभर माती मागवावी, असा विचार करत मी शेवटच्या दिवशी सकाळी परड्यात उभा होतो.

तेवढ्यात वळणावरून दाजी गावकर आले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीने भरलेली टोपली. काठी हातात नव्हती, एका हाताने टोपली धरलेली, दुसरा नातवाच्या खांद्यावर. आणि त्यांच्यामागे वाट संपेपर्यंत माणसं, बाया, सगळ्यांच्या डोक्यावर टोपल्या.

काकी धावली. “दाजीनू! तुमी कित्याक? ह्या वयात!”

“दंड कोणी सांगलेलो?” दाजींनी धापा टाकत विचारलं. “मी. मगे माती आणूक कोण येतलो? माझ्या परड्यातली आसा ती. सगळ्यांच्या परड्यातली आसा, घरटी. बाबलाची परत करतंव.”

काकी तिथेच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. मीही रडलो. करमाळ्याच्या माणसाला ते शोभत नाही, पण रडलो.

दाजी खड्ड्याच्या काठावर टोपली धरून थांबले होते. काकीने डोळे पुसले आणि आपलं मनगट उघडं करून दाखवलं. “थांबा. पयल्या टोपलेबरोबर बांगडी जावक होयी. माझ्या हातात खय आसा?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी शेजारच्या आमच्या तंबूत गेलो. बांधातल्या वस्तूंची पेटी तुलनेसाठी बरोबर आणलेली होती. तिच्यातून एक छोटी कापडी पिशवी काढली, तोंड सोडलं आणि बाहेर येऊन काकीच्या हातावर एक हिरवा तुकडा ठेवला. सर पलीकडेच उभे होते. त्यांनी पाहिलं आणि लगेच तोंड फिरवून आकाशाकडे बघायला लागले.

काकीने तो तुकडा खड्ड्याच्या तळाला ठेवला. दाजींनी त्याच्यावर टोपली ओतली.

माझी नोकरी संपून आता अकरा वर्षं झाली. सबंध नोकरीत मी नोंदवहीत एक आकडा चुकीचा ठेवला, तो हा. वहीत लिहिलंय, हिरव्या काचेची बांगडी, तुकडे तीन. पिशवीत दोनच आहेत.